ऋणमोचन : गाडगेबाबा आणि पैसा

(बी. ए. भाग २)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हांला पैशाची चार कार्ये सांगितली. पैसा हे विनिमयाचे माध्यम आहे, मूल्य मोजण्याचे माप आहे, मूल्य साठवून ठेवण्याचे साधन आहे आणि पुढे द्यावयाची देणी चुकविण्याचेही साधन आहे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून मी तो पाठ केला. पाठ करता करता मात्र एक विचार मनात आला व तो काही केल्या जाईना. ज्या विद्यापीठाची पदवी उद्या आपल्या हातात पडणार आहे, त्या विद्यापीठाला ज्या पुरुषाचे नाव आहे, त्याने या चारांपैकी एकाही कामासाठी पैसा आपल्या हातात धरला नाही. आणि त्याच माणसाच्या शब्दावर महाराष्ट्रभर धर्मशाळा, घाट, सदावर्ते आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली. हे कसे घडले?

संत गाडगेबाबांचे चरित्र आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. खराटा, डोक्यावरचे गाडगे, अंगावरच्या चिंध्या आणि ग्रामस्वच्छता एवढे आपल्याला ठाऊक असते. २३ फेब्रुवारीला आणि २० डिसेंबरला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, एखादे भाषण होते आणि आपण घरी जातो. परंतु त्यांच्या जीवनाची सुरुवात खराट्यापासून झालेली नाही. ती कर्जाच्या कागदापासून झाली आहे. म्हणून त्याच बाजूने त्यांची जीवनकथा सांगण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. आज हे गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाचे कपडे धुवावेत आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याचे बलुते आणावे, अशी ती जुनी रीत होती. या व्यवहारात नाण्याचा संबंध फारसा येत नसे. ही रीत फार न्यायाची होती असे मला म्हणावयाचे नाही. कारण बलुतेदाराची पायरी गावाने कायमची ठरवून टाकलेली असे. पण त्या व्यवहारात व्याज नव्हते, एवढे मात्र खरे.

वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. घरचे होते नव्हते ते गेले आणि डेबूजी लहान असतानाच वडील वारले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. ते माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे, आजच्या अकोला जिल्ह्यात. अशा रीतीने अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा अकोला जिल्ह्यात वाढला. मामा चंद्रभान यांच्या घरी तो गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर औत हाकू लागला. डेबूजीच्या कष्टाला तोड नव्हती, असे सर्वच चरित्रकार सांगतात. तो शाळेत गेला नाही. पेरणी, डवरणी, निंदण हीच त्याची शाळा झाली.

आता त्या काळचे आपले वऱ्हाड कसे होते ते थोडे पाहू. त्यावाचून पुढची कथा नीट समजणार नाही.

आपला प्रांत मुळात कर्जापोटीच इंग्रजांच्या हाती गेला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च निजामाकडून थकला, तेव्हा १८५३ साली त्याने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १९०२ साली दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या रकमेवर तो कायमचा त्यांच्याकडे राहिला. राजाने कर्जापोटी प्रांत दिला आणि प्रांतातल्या कुणब्याने कर्जापोटी वावर दिले, असा हा इतिहास आहे! १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. अकोला, अमरावती, खामगाव या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा झाल्या. शेताची मोजणी होऊन सारा रोख रुपयांत आणि ठरलेल्या तारखेला भरावा लागू लागला. शेत विकता येऊ लागले, म्हणजेच गहाणही टाकता येऊ लागले. अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव उतरले, पण साऱ्याची तारीख आणि सावकाराची वही दोन्ही जागच्या जागीच राहिली.

पैशाचा खरा स्वभाव मला येथे दिसतो. पुस्तकात रुपया म्हणजे रुपया, तो सर्वांना सारखाच. आमच्या गावात मात्र तसे नाही. मृग नक्षत्राच्या तोंडावर रुपया महाग असतो, कारण तेव्हा सर्वांनाच बियाणे पाहिजे असते आणि कोणाच्याच घरात काही नसते. दिवाळीनंतर कापूस घरी आला की सारे एकदमच विकायला काढतात. मग कापूस स्वस्त होतो आणि त्याच कापसाच्या पैशातून मृगातले महाग रुपये फेडावे लागतात. ज्याच्याजवळ रुपया बसून राहू शकतो तो मृगात देतो आणि दिवाळीत घेतो. ज्याच्याजवळ तो बसून राहू शकत नाही तो मृगात घेतो आणि दिवाळीत देतो. दोघांनीही वर्षभर कायदा मोडला नाही, चोरी केली नाही, तरी वर्षाअखेर एकाचे वावर वाढते आणि दुसऱ्याचे घटते.

जुन्या काळी सवाई-दिढीचा व्यवहार चाले. पेरणीला एक मण बी घेतले तर सुगीला सव्वा मण किंवा दीड मण परत करावयाचे. ऐकताना पाव मण किंवा अर्धा मण म्हणजे फारसे वाटत नाही. पण मुदत सहाच महिन्यांची असते, तेव्हा वर्षाचा हिशेब केला तर सवाई म्हणजे शेकडा पन्नास आणि दिढी म्हणजे शेकडा शंभर व्याज पडते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम आपल्याकडे होता. त्यालाही वाट काढलेली होती. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद करावयाचा की त्या कागदापासून नियम पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि कागद तर वाचता येत नाही! अंगठा उठवणाऱ्याला फक्त शाई दिसते.

डेबूजीच्या मामाचे असेच झाले. भाच्याच्या कष्टाने घर वर येत होते. परंतु सावकाराचे देणे डोक्यावर होते आणि कागदावर काय चढत आहे ते घरात कोणालाच कळत नव्हते. एके दिवशी कळले की जमीन सावकाराची झाली आहे. त्या धक्क्याने चंद्रभान खचले आणि थोड्याच काळात वारले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजीने औत सोडले नाही. सावकाराच्या माणसांशी त्याने वावरातच सामना केला. शेवटी सावकाराला तडजोडीवर यावे लागले, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. मित्रहो, आपण ज्या बाबांना शांत, विरक्त म्हणून ओळखतो, त्यांनी आयुष्यातली पहिली लढाई एका शेताच्या धुऱ्यावर उभे राहून दिली होती, हे आपण विसरता कामा नये. पैसा वाईट, माया वाईट, म्हणून सोडून द्या, असे म्हणणारा तो माणूस नव्हता. आपल्या घामाचे आहे ते दुसऱ्याने कागदाच्या जोरावर नेऊ नये, हे त्याला आधी कळले होते. त्याग त्याने नंतर केला.

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पुढे त्यांना मुलगी झाली. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू व मटणाचे जेवण घालावे, अशी रूढी होती. ते घातले नाही तर पंगतीत मान राहत नसे आणि घालायचे तर सावकाराचे दार गाठावे लागे. डेबूजीने गोडाचे जेवण दिले. जातभाई रागावले, पण त्याने ऐकले नाही. दारूने वडील नेले होते आणि कर्जाने मामा. घरात उत्सव करायचा तर या दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवायचे, एवढाच त्याचा साधा विचार होता. पुढच्या पन्नास वर्षांच्या कीर्तनाचे बी मला या एका पंगतीत दिसते.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री डेबूजी घर सोडून निघाला. वय अठ्ठावीस. मागे आई, पत्नी, लेकरे. याबद्दल माझ्या मनात नेहमी एक खटका असतो आणि तो मी लपवीत नाही. पुरुष घर सोडतो तेव्हा त्याला वैराग्य म्हणतात, पण मागे राहिलेल्या बाईच्या कष्टाला नाव नसते. कुंताबाईंनी काय सोसले हे कोणत्याही तसबिरीत दिसत नाही. बाबांचे मोठेपण सांगताना त्यातला तेवढा वाटा त्या माउलीच्या नावावर मांडला पाहिजे.

घराबाहेर पडल्यावर बाबांनी पैशावाचून जगण्याचा जणू प्रयोगच सुरू केला. अंगावर चिंध्या, हातात काठी, डोक्यावर मातीचे गाडगे. तेच जेवणाचे भांडे, तेच पाणी पिण्याचे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबुवा म्हणू लागले. पण ते भिक्षेकरी नव्हते. कोणाचे लाकूड फोडून द्यावे, कोणाचे अंगण झाडावे, कोणाची रुतलेली बंडी काढून द्यावी आणि मग भाकर घ्यावी, असा त्यांचा क्रम होता. गावात शिरताना ते आधी रस्ता झाडीत. म्हणजे गावाने त्यांना काही देण्यापूर्वी त्यांनीच गावाला काही दिलेले असे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. सावकाराच्या वहीत सदैव दुसऱ्याचे देणे लिहिलेले असते. बाबांनी अशी रीत घातली की देणे कधी आपल्याकडे राहूच नये. आधी काम, मग भाकर, आणि दुसऱ्या दिवशी दुसरे गाव.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. माझी आजी मला लहानपणी या यात्रेला नेत असे. तेथे आंघोळ केली की ऋण फिटते, अशी जुन्या माणसांची श्रद्धा आहे. ज्या मुलखात घरोघरी कर्ज, त्या मुलखात अशा नावाच्या तीर्थाला गर्दी व्हावी यात नवल ते काय? यात्रेकरूंचे पाय चिखलात रुतत, म्हातारी माणसे घसरत. बाबांनी १९०८ च्या सुमारास तेथे लोकांच्या श्रमातून घाट बांधण्याचे काम केले. हे त्यांचे पहिले मोठे सार्वजनिक काम मानले जाते. नदीत बुडी मारल्याने कर्ज फिटत नाही, हे बाबा पुढे कीर्तनातून सांगत राहिले. पण ज्यांची श्रद्धा होती त्यांच्यावर ते हसले नाहीत. आधी त्यांच्या पायाखाली त्यांनी दगडाची पायरी ठेवली.

पुढे त्यांची कीर्तने गावोगाव होऊ लागली. दिवसा झाडलोट, रात्री कीर्तन. त्यांची भाषा म्हणजे आपली घरातलीच वऱ्हाडी. ज्या भाषेत बोललो की शहरातली मुले अजून हसतात, त्याच भाषेत बाबांनी मुंबई-पुण्याच्या लोकांना खिळवून ठेवले. ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तरे वदवून घेत. कर्ज काढून सण करू नये, कर्ज काढून लग्नाचा थाट करू नये, नवसाला बोकड मारू नये, दारू पिऊ नये, शिवाशिव पाळू नये आणि काही झाले तरी मुलाला शाळेत घालावे, हा त्या कीर्तनांचा सारांश. घरात ताट नसले तर हातावर भाकर घेऊन खावी, पण पोराला शिकवावे, इतक्या टोकापर्यंत ते जात. अक्षराचा हा आग्रह कोठून आला असेल हे मामाच्या कागदाची गोष्ट माहीत असणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

लोकांचा विश्वास वाढला तसा पैसाही येऊ लागला. आणि येथे बाबांचे वेगळेपण दिसते. त्यांनी पैशाचा तिरस्कार केला नाही, त्याला फक्त आपल्याजवळ थांबू दिले नाही. देणाऱ्याने तो बांधकामाला द्यावा, विश्वस्तांकडे द्यावा, दगड-चुना-लाकडाच्या रूपाने द्यावा. बाबांच्या हातात मात्र खराटाच असे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला धर्मशाळा व गोरक्षण झाले. ऋणमोचनला व इतरत्र आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्ते चालली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ बाहेरगावच्या रोग्यांच्या नातलगांसाठी १९५४ साली धर्मशाळा उभी राहिली. त्यापूर्वी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या साऱ्या कामासाठी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. एवढ्या इमारतींपैकी एकाही खोलीवर आपल्या घरच्यांचा हक्क राहू नये, याची बाबांनी स्वतः काळजी घेतली. मुलगा गोविंदा १९२३ साली गेला, ती बातमी कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगतात. कुंताबाई अखेरपर्यंत झोपडीतच राहिल्या.

धर्मशाळा म्हणजे काय याचा विचार आपण आज करीत नाही. त्या काळी पंढरपूरला गेलेल्या गरीब वारकऱ्याला, आणि त्यातही अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला, पाठ टेकायला जागा मिळत नसे. पैसेवाल्याला पैसे देऊन खोली मिळे, जातवाल्याला जात सांगून मिळे. ज्याच्याजवळ दोन्ही नाही तो वाळवंटात झोपे. बाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली ती अशांसाठी. पुढे १९४९ साली ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील हेही त्यांचे स्नेही. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचेच नाव आहे.

बाबासाहेब आणि बाबा या दोघांचा विचार एकत्र केला की मला नवल वाटते. बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर आपला प्रबंध प्रसिद्ध केला. रुपयाचे मोल उतरले की माल परदेशी पाठविणाऱ्यांचा नफा वाढतो. परंतु हा नफा मजुरांच्या तोंडचा घास कमी होऊन आलेला असतो, कारण भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, असे त्यांनी त्यात दाखविले आहे. जगातल्या मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांशी वाद घालणारा एक पंडित, आणि सही करता न येणारा एक कीर्तनकार. एकाने रुपयाचा वरचा प्रवाह पाहिला, दुसऱ्याने तोच रुपया गावात शिरल्यावर कोणाच्या घरातून काय नेतो ते पाहिले. दोघांचेही उत्तर एका ठिकाणी मिळाले : गरिबाच्या पोराला शिकवा, त्याच्यासाठी वसतिगृह बांधा.

येथे एक शंका उभी राहते. ती मीच माझ्या मनाशी अनेकदा घेतली आहे. कर्ज काढू नका, असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. पण बियाण्याला काढू नको तर पेरावे कसे? आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारट, त्यावर पीक येत नाही. पावसाच्या भरवशावर एक पीक, म्हणजे वर्षातून एकदाच पैसा. अशा माणसाला काटकसरीचा उपदेश केल्याने विषमता कशी जाणार? दान देणाऱ्या शेटजीने धर्मशाळा बांधून दिली तरी त्याची गिरणी आणि गरिबाचे वावर जेथल्या तेथेच राहतात, हा आक्षेप आमच्या वर्गातल्या एका मित्राने घेतला आणि मला तो खोडता आला नाही.

कायदा करणाऱ्यांनी त्यांच्या परीने प्रयत्न केले. डॉ. पंजाबराव देशमुख हे आपल्या जिल्ह्यातले. ते १९३० ते १९३३ या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. १९३३ साली त्या प्रांतात कर्ज तडजोडीचा कायदा झाला, १९३४ साली सावकारीचा आणि १९३९ साली कर्जनिवारणाचा. स्वातंत्र्यानंतर सहकारी सोसायट्या व बँका आल्या. अलीकडे २०१७ आणि २०१९ या साली शासनाने कर्जमाफी दिली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात तर बेकायदा सावकारीत गेलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकाला परत मिळण्याची तरतूद आहे. चंद्रभान मामा आज असते तर त्यांना कचेरीत अर्ज करता आला असता. मग बाबांचा उपदेश आता जुना झाला काय?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, घरात मिळाले. वैयक्तिक गोष्ट लिहिण्याची परवानगी असावी.

आमची तीन एकर कोरडवाहू जमीन. मी पाचवीत असताना वडिलांनी एका खाजगी माणसाकडून आजोबांच्या दवाखान्यासाठी पैसे घेतले आणि एका एकराचा कागद करून दिला. घरात तो कागद कोणी वाचला नाही, कारण वाचणारे कोणी नव्हते. वडील त्याला गहाण म्हणत. ते एकर आजही दुसरेच वाहतात. गेल्या वर्षी बहिणीचे लग्न ठरले. पाहुण्यांची मोठी अपेक्षा होती. वडिलांनी मला वसतिगृहातून बोलावून घेतले. नवा कागद तयार होता, फक्त सही बाकी होती. मी तो वाचला. ते गहाणखत नव्हते, खरेदीखत होते. मग मी ट्रंकेतला जुना कागद काढला. तेही खरेदीखतच होते. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. आई चुलीपाशी होती, तीही बोलली नाही. जो माणूस इतकी वर्षे आपले वावर गहाण आहे, एक दिवस सोडवू, असे म्हणत होता, त्याला त्याच्या पोराने ते विकलेले आहे असे वाचून दाखवावे, यासारखे वाईट काम दुसरे नसेल. त्या दिवशी मला शिकल्याचा आनंद झाला नाही.

नव्या कागदावर सही झाली नाही. बहिणीचे लग्न सकाळच्या मुहूर्तावर, दारातच, थोडक्या माणसांत झाले. गोडाचे जेवण होते. काही पाहुणे रुसले. डेबूजीच्या घरच्या बारशालाही रुसले होते. जुन्या एकराबद्दल आम्ही कायद्याप्रमाणे अर्ज केला आहे, निकाल व्हायचा आहे. काय होईल मला ठाऊक नाही.

आता मला असे वाटते की कायदा आणि कीर्तन ही एकमेकांच्या आड येणारी नाहीत. पेरणीचे कर्ज आणि पंगतीचे कर्ज यांत बाबा फरक करीत होते. सण, लग्न, नवस, दारू यांच्या कर्जावर त्यांनी कोरडे ओढले, कारण ते थांबविणे गरिबाच्या हातात होते. पेरणीचे कर्ज स्वस्त आणि सरळ मिळावे हे काम शासनाचे, सोसायटीचे, बँकेचे आहे, ते कीर्तनाने होणार नाही. माझ्या मित्राचा आक्षेप तेवढ्यापुरता खरा आहे. पण कायदा घरात येऊन कागद वाचून दाखवीत नाही. २०१४ चा कायदा आमच्या घरी पोहोचायला वाचता येणारा मुलगा लागला, आणि तो मुलगा घडावा म्हणून एक निरक्षर माणूस पन्नास वर्षे घसा कोरडा करीत हिंडला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबा तेव्हा आजारीच होते. त्या बातमीने ते फार हळहळले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते, पैसा नव्हता आणि कोणाचे देणेही नव्हते. अमरावतीला जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळ जण रोज त्यावरून कॉलेजला येतात.

परीक्षेत पैशाची कार्ये विचारली तर मी पुस्तकातली चारच लिहीन, कारण गुण त्यांनाच मिळतात. पण माझ्यासारखी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली जी मुलेमुली हे वाचीत असतील, त्यांना एक विनंती आहे. येत्या सुट्टीत घरी गेल्यावर ट्रंकेतले कागद बाहेर काढा आणि आईवडिलांना वाचून दाखवा. जे निघेल ते निघेल. आपल्यावर गाडगेबाबांचे जे ऋण आहे, ते फेडण्याची याहून जवळची वाट मला तरी दिसत नाही.